वाडा, किल्ल्या आणि नायिका: ऐतिहासिक गूढ-प्रणय कादंबरी टप्प्याटप्प्याने

पावसाळा लागला की माझ्याकडे हस्तलिखितं यायला लागतात. त्यांतली एक तरी कादंबरी हमखास अशी असते: पेशवाईतलं पुणं, सदाशिव पेठेतला अंधारा वाडा, बाहेर दाट धुकं, आत एकटी नायिका, हातात मेणबत्ती, आणि माडीवर कुणाची तरी पावलं. चौथ्या पानावर मी अडते. धुकं माघातल्या पहाटे नदीकाठी पडतं, श्रावणातल्या रात्री भरपेठेत नाही. मेणबत्तीचंही एक वेळ चालवून घेईन. पण एकटी?

नांदत्या वाड्यात एकटं कुणी नसतं. विलायती गोष्टीतली हवेली माळावर असते, रिकामी असते, तिथे भीती एकटेपणाची असते. आपल्या वाड्यात तीस माणसं पंगतीला बसतात. इथली भीती वेगळी आहे: सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कुणीच तोंडातून न काढलेली गोष्ट. तीस माणसं जेवतात आणि पानं एकतीस वाढली जातात. धाकट्या सुनेनं मोजली, आणि विचारायचं कुणाला ते तिला कळेना. कादंबरी इथून सुरू होते.

हेच एकतिसावं पान उदाहरण म्हणून शेवटपर्यंत वापरते, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर हाताला काहीतरी लागेल.

लिहायला बसण्याआधी: सामान

चौकटींचा कागद, पेन्सिल आणि एक जाड वही. वहीचे चार भाग करा: वाडा, माणसं, दिवस, वस्तू. पाचवा भाग ‘सुचलेली सुंदर वाक्यं’ असा करू नका. ती वाक्यं पुढे गोष्टीच्या गळ्यात पडतात.

संदर्भाला दोन ग्रंथ पुरतात. पहिला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती. एखादा शब्द तेव्हा चालत होता का आणि कोणत्या अर्थानं, हे बघायला यासारखं दुसरं साधन नाही. दुसरा मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे खंड, १८८५ चा, तीन भागांत. त्यात घरातली भांडी, कपडे, दिनक्रम आणि सणवार सापडतात. लिहिणारे साहेबाच्या चष्म्यातून बघतात, तेवढं सोडून द्यायचं आणि वस्तू उचलायच्या.

मग पायपीट. विश्रामबागवाडा बघा. राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, कुलपं आणि दारं डोळे भरून बघा, पण वही उघडी ठेवून. १९१० मध्ये निघालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेतच आहे. जुना कागद दिसतो कसा, घडी कशी घालतात, शाई कुठे उतरते, हे तिथे एकदा बघितलं की पुढची पन्नास पानं सुधारतात.

इशारा: संशोधनाला तीन महिने, पुढे एक दिवस नाही. वर्ष-वर्ष ‘अजून थोडं वाचतोय’ म्हणणारे लोक मला ठाऊक आहेत. त्यांच्या कादंबऱ्या अजून त्यांच्या कपाटातच आहेत.

टप्पा १: शतक नको, साल हवं

‘पेशवाईचा काळ’ हे साल नव्हे. पेशवाई पुण्यात जवळजवळ शंभर वर्षं होती आणि त्यात सगळंच बदललं. गूढ-प्रणयाला मानवणारे काही कालखंड पुण्यात तयारच आहेत.

१७७३ ते १७७६. ३० ऑगस्ट १७७३ ला, गणपतीच्या दिवसांत, नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. सगळं शहर संशयानं भरलेलं. त्याच सुमाराला पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला आणि १७७६ मध्ये त्याला पुण्यात देहान्त झाला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी नवरा गेला हे मानलंच नव्हतं. परत आलेला माणूस आपला नवरा आहे की नाही, यापेक्षा गूढ आणि यापेक्षा प्रणयाजवळचा प्रश्न मला तरी माहीत नाही.

१८१७ ते १८२८. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, १८२८ मध्ये वाड्याला आग लागली. कालपर्यंत मानाची असलेली घराणी, आणि आता कुणालाच नको असलेले त्यांचे कागद. हा काळ फारसं कुणी वापरत नाही, म्हणून मला आवडतो.

१८९७. प्लेग. उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून रानात झोपड्या बांधून राहत, आणि मार्च महिन्यापासून गोरे सोजीर तपासणीला घरात, पार देवघरापर्यंत शिरत. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली.

१९०९ नंतर. बायकांना शिकवणारी सेवासदन ही संस्था निघाली. शिकलेली, पगार घेणारी बाई एखाद्या वाड्यात कामाला म्हणून येऊ शकते. वाड्यात शिरणारी परकी बाई हवी असेल, तर हा काळ घ्या.

आपलं उदाहरण १८९७ च्या मार्चमध्ये ठेवू. सोजीर एकेक आळी तपासत पुढे सरकताहेत, आणि आपल्या वाड्यात एकतिसावं माणूस आहे. घड्याळ आपोआप चालू झालं.

साल ठरलं की दिवस. त्या वर्षाचं पंचांग मिळवा आणि कथेतला प्रत्येक प्रसंग तिथीवर बसवा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताला उगवतो, पुढे रोज साधारण पाऊण तास उशिरा. संकष्टीला रात्री नवाच्या आसपास, वद्य अष्टमीला मध्यरात्री. आपल्या वाचकांनी लहानपणी संकष्टीला उपाशीपोटी गच्चीवर उभं राहून चंद्राची वाट बघितलेली असते. त्यांना फसवता येत नाही. एका हस्तलिखितात सोमवती अमावास्येच्या रात्री नायक चांदण्यात घोडा फेकत होता.

पडताळा: पहिल्या पाच प्रकरणांपुढे तिथी, वार आणि चंद्राची वेळ लिहिली का? नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: वाडा कागदावर उभा करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे रेंगाळते.

चौकटींच्या कागदावर खालचा मजला, वरची माडी आणि तळघर असे तीन नकाशे काढा. चित्रकला येत नसली तरी चालतं. बाहेरून आत या. मोठा दरवाजा, त्यातच कापलेला लहान दिंडी दरवाजा. आत देवडी, दोन्ही बाजूंना बसायचे ओटे. मग पहिला चौक, त्याच्याभोवती ओसरी-सोपे, पुरुषांचं येणंजाणं, कारकून, भिक्षुक. मग मधली फळी आणि दुसरा चौक: तुळशीवृंदावन, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली. मागे परसू, आड, न्हाणी, गोठा. वर दिवाणखाना आणि झोपायच्या खोल्या. त्यांच्याही वर माळा.

वाड्यातलं अंतर खणात मोजतात. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. तुमच्या वाड्याचा एक खण किती हातांचा ते एकदाच ठरवा आणि तेवढाच ठेवा. दर प्रकरणात दिवाणखाना ऐसपैस होत जाणं हा नवशिक्यांचा रोगच आहे.

जिन्याकडे नीट बघा. जुन्या वाड्यांतले जिने बहुधा भिंतीच्या जाडीत बसवलेले, अरुंद, उंच पायऱ्यांचे, अंधारे. एका वेळी एकच माणूस जातो, वाकून जातो. अनेक ठिकाणी जिन्याच्या तोंडाशी झडपेसारखं दार असतं, ते खालून किंवा वरून लावता येतं. आता विचार करा. प्रेमात असलेली दोन माणसं या जिन्यात समोरासमोर आली तर एकाला मागे फिरावंच लागेल. कोण फिरतं, यावर तुमचं अख्खं प्रकरण उभं राहू शकतं. संगमरवरी गोल जिना विसरा.

नकाशावर तीन रंगांनी तीन गोष्टी भरा.

एक, किल्ल्या. कोणती खोली कडी-कोयंड्यानं बंद होते, कुठे कुलूप, कुठे आतून अडसर, आणि जुडगा कुणाच्या कमरेला. थोरल्या सासूबाईंकडून जुडगा कुणाकडे गेला, ही वाड्यातली सत्तांतराची बातमी असते.

दोन, उजेड. देवघरातली समई किती वाजेपर्यंत जळते, चौकात कंदील असतो का, माजघरात काय. १७७३ मध्ये काडेपेटी नाही. ती १८२६-२७ च्या सुमाराला विलायतेत निघाली. त्याआधी विस्तव म्हणजे राखेखाली झाकून ठेवलेला निखारा नाहीतर चकमक. म्हणजे मध्यरात्री दिवा लावायचा तर चुलीपाशी जावं लागणार, आणि चुलीपाशी स्वयंपाकीणबाई झोपलेल्या. घरातल्या दिव्यात रॉकेल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, त्याआधी तेल.

तीन, आवाज. माडीची जमीन लाकडी पाटईवर मातीची. कुणी चाललं की खालच्या खणात कडीपाटातून बारीक माती झरते. ही माती फार उपयोगी आहे. माडीवर कुणी राहतंय हे नायिकेला पावलांच्या आवाजावरून कळवू नका. देवघरात पुसून ठेवलेल्या पाटावर रोज सकाळी चिमूटभर माती दिसू द्या.

माझ्या पहिल्याच कादंबरीत मागचा जिना नवव्या प्रकरणात माजघरात उतरत होता आणि चौदाव्यात देवडीत. छापून झाल्यावर एका वाचकानं पोस्टकार्डावर वाड्याचा नकाशा काढून पाठवला, खाली फक्त ‘कृपया खुलासा करावा’. तेव्हापासून मी चौकटींचा कागद वापरते.

इशारा: वाड्यापासून पर्वतीपर्यंत भुयार काढू नका. निम्म्या हस्तलिखितांत ते असतंच. जमिनीखाली काही हवंच असेल तर पुण्याकडे खरंखुरं आहे: नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरात आणलेलं पाणी, बांधीव नळातून पेठांतल्या हौदांपर्यंत येणारं. रात्री सगळं निजल्यावर हौदाच्या पोटात पाण्याचा घोगरा आवाज. पळून जायला तो नळ उपयोगाचा नाही, पण झोप उडवायला पुरतो.

पडताळा: डोळे मिटून नायिकेला तिच्या अंथरुणापासून आडापर्यंत अंधारात चालवा. कुठे वळली, कोणतं दार उघडलं, कुणाला ओलांडलं? सांगता आलं नाही तर नकाशा अपुरा आहे.

टप्पा ३: आधी खरं काय घडलं ते लिहा

रहस्य लिहिताना सुचेल, असं म्हणणाऱ्यांचं रहस्य विसाव्या प्रकरणात रोजनिशीतून बाहेर पडतं. कुणीतरी मेलेल्या माणसानं सगळं नीट, तारीखवार लिहून ठेवलेलं असतं. असं करू नका. खरं काय घडलं ते घडलेल्या क्रमानं दोन पानांत आधीच लिहून काढा. हे वाचकासाठी नाही, तुमच्यासाठी.

आपलं उदाहरण असं: वाड्याच्या मालकीचा कज्जा चालू आहे. थोरल्या दिरांनी भाद्रपद शके १६९५ चं म्हणून एक मोडी वाटणीपत्र हजर केलं आहे, ते बनावट आहे. बनवताना थोरल्या जाऊबाईंनी पाहिलं. त्या माहेरी गेल्या असताना वारल्या असं सांगण्यात आलं, तेरावाही घातला. त्या माडीवर आहेत. एकतिसावं पान त्यांचं.

मग माणसांच्या भागात प्रत्येकापुढे तीन रकाने: काय ठाऊक आहे, काय ठाऊक आहे असं इतरांना वाटतं, आणि गप्प का आहे. तिसरा रकाना सगळ्यात जड. सासूबाई मुलासाठी गप्प. स्वयंपाकीणबाईंना दुसरीकडे आसरा नाही. गड्याला कुणी विचारलंच नाही.

उलगड्याचा पुरावा हाताला लागेल असा असावा, आणि नायिकेनं तो स्वतःच्या अकलेनं ओळखावा. पेशवेकालीन कागदात शकाबरोबर बहुधा सुहूर सन असतो, अरबी अंकशब्दांत लिहिलेला. हा सन मृगाला बदलतो. म्हणून मृगानंतरच्या महिन्यांत इसवी सनातून ५९९ वजा करायचे, मृगाआधी ६००. भाद्रपद शके १६९५ म्हणजे इसवी १७७३, मृगानंतरचा महिना, तेव्हा सुहूर सन ११७४ हवा: ‘अर्बा सबैन मया व अलफ’. दिरांच्या कागदावर ‘सल्लास सबैन’ आहे, म्हणजे ११७३. बनवणाऱ्यानं सरसकट सहाशे वजा केले. बाकी अक्षर, कागद, शाई सगळं बेमालूम, चूक एका शब्दाची. आता तुमच्या नायिकेला सासऱ्यांच्या दफ्तराचे रुमाल बांधायचं काम लावून ठेवा. शेकडो कागद डोळ्यांखालून गेलेल्या मुलीला ती चूक तांदळातल्या खड्यासारखी लागेल.

इशारा: अक्षर बदलून हुकूम फिरवायची युक्ती वापरू नका. ‘ध’चा ‘मा’ पुण्यातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. दुसऱ्या पानावर ओळखतील.

टप्पा ४: नायिका

तेजस्वी नायिका म्हणजे विसाव्या वर्षी नऊवारी नेसलेली आजची मुलगी नव्हे. ती सासूला भाषण देत नाही. दिलं तर पुढचं प्रकरण माहेरी घडेल.

आधी वयाची अडचण सोडवा. त्या काळी मुलींची लग्नं आठ-दहाव्या वर्षी होत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं मर्यादा दहावरून बारावर नेली, तर केवढा गदारोळ झाला. म्हणजे तुमची नायिका सज्ञान हवी (हवीच, याबाबत तडजोड नाही) आणि प्रेमाला मोकळी हवी, तर तिची परिस्थिती खास असावी लागते. बालविधवा असेल तर १८५६ च्या कायद्यानं पुनर्विवाहाला मुभा आहे, पण समाज नाही. हे दोन्ही एकाच पानावर दिसू द्या. शिकलेली असेल तर हुजूरपागा १८८४ ची, त्याआधी तिला त्या शाळेत घालू नका. किंवा परागंदा नवऱ्याची बायको.

आपली गोदा तिसऱ्या प्रकारातली. नवव्या वर्षी लग्न, पुढे दोन वर्षांत नवरा घर सोडून गेला. आज ती बावीस वर्षांची. कपाळाला कुंकू आहे, पण हळदीकुंकवाला बोलावताना बायका क्षणभर अडखळतात. आणि गेल्या दसऱ्याला तो परत आला. दाढीवाला, कमी बोलणारा, उजव्या हाताचं बोट नसलेला. अकरा वर्षांच्या मुलीला नवऱ्याचं किती आठवणार?

आता तिच्या हातात काय आहे ते लिहा. हक्काची जागा: कोठीची खोली, कारण धान्य काढायचं काम तिच्याकडे. हक्काची वेळ: पहाटे सडा घालायची. खिसा नाही, ओचा आहे. किल्ली, चिठ्ठी, बुक्क्याची पुडी सगळं ओच्यात किंवा पदराच्या गाठीत. हत्यार म्हणजे सोवळं. ओलेत्यानं, सोवळ्यात असलेल्या बाईला कुणी शिवू शकत नाही, अडवू शकत नाही. तिला दिवाणखान्यातून कागद उचलायचा असेल, तर नैवेद्याचं ताट घेऊन सोवळ्यात निघू द्या. सगळं घर आपणहून बाजूला होईल. नियम मोडणाऱ्या नायिकेपेक्षा नियमाच्याच आडून वाट काढणारी नायिका वाचकाला जास्त आवडते, असा माझा अनुभव आहे.

पडताळा: तिच्या प्रत्येक धाडसापुढे लिहा: पकडली गेली तर तिचं काय होईल? उत्तर ‘ओरडतील’ एवढंच असेल तर धाडस बेताचं आहे.

टप्पा ५: प्रेम

नायकाबद्दल थोडक्यात. खांदे, डोळे, घोडा यांची वर्णनं अर्ध्यानं कापा. त्याला एक गुपित द्या आणि घरात करायचं एक काम द्या. बस.

खरी मेहनत संबोधनात आहे. त्या काळची बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, बहुतेक वेळा ‘तुम्ही’सुद्धा म्हणत नाही. ‘इकडून येणं झालं का’, ‘इकडे सांगायचं होतं’, ‘स्वारी कुठे निघाली’. हे आजच्या लेखकांना अडचणीचं वाटतं आणि ते काढून टाकतात. अहो, हीच तर तुमची शिडी आहे! ‘इकडून’पासून पहिल्या ‘तुम्ही’पर्यंत दहा प्रकरणं लावा. एखाद्या रात्री घाबरून तिच्या तोंडून चुकून ‘तुम्ही’ निघून जाऊ द्या, आणि दोघांनाही ते ऐकू येऊ द्या. मिठीची गरज पडणार नाही.

एका नमुन्यात दाखवते. आधी हस्तलिखितांत येतं तसं:

“मला तुमची भीती वाटत नाही, श्रीधरपंत!” ती त्याच्या डोळ्यांत डोळे घालून गरजली. “या वाड्यानं माझं आयुष्य अंधारात लोटलं आहे. आज मला सत्य हवं आहे!”

आता हेच वाड्यात:

“काल रात्री इकडून माडीवर जाणं झालं होतं का?”
तो सुपारी कातरत राहिला.
“नाही म्हणजे, जिन्यात तेल सांडलं होतं. तिसऱ्या पायरीवर.” तिनं तबक पुढे सरकवलं. “पुसलं मी. सासूबाई उठायच्या आत.”
अडकित्ता थांबला.

तिनं त्याला पकडलं आणि वाचवलंही, एकाच वाक्यात. आवाज चढला नाही, कारण भिंतीपलीकडे माजघर आहे आणि तिथे चार जणी जाग्या आहेत.

इशारा: लग्न न झालेली किंवा विधवा नायिका असेल, तर तो तिला नावानं हाक मारणार नाही. वहिनी, अक्का, बाई, ताई, जे नातं असेल ते. त्या नात्याच्या शब्दावरून तो घसरतो कधी, हीच तुमची प्रेमकथा.

टप्पा ६: भीती मोजून वाढा

भूत असलंच तर इथलं असू द्या, आणि त्याच्या जागेवर. मुंजा पिंपळावर, आसरा पाण्याशी, ब्रह्मसमंध पुरलेल्या धनापाशी. काळे झगे घातलेल्या आकृती परत पाठवा. भुताचं नाव घरातल्या मोठ्या माणसानं घेऊ नये. ते मुलांनी किंवा गड्यांनी घ्यावं, आणि मोठ्यांनी विषय बदलावा.

प्रत्येक भीतीला तीन कारणं तयार ठेवा: घुशीचं किंवा लाकूड आकसण्याचं साधं कारण, भुताचं, आणि माणसाचं. वाचकाला पहिली दोन आलटून पालटून दाखवा. तिसरं खरं. पाटावरची माती आधी घुशीची वाटेल, मग थोरल्या जाऊबाईंच्या अतृप्त आत्म्याची, मग एके दिवशी मातीबरोबर हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा पडेल. गेलेल्या बाईच्या हातात नवी बांगडी कशी?

दोन भीतींच्या मध्ये साधं काम घाला: पापड, दळण, तान्ह्याचं न्हाणं. सलग तीन प्रकरणं किंचाळ्या ठेवल्या की चौथ्यात वाचक जांभई देतो.

टप्पा ७: पहिल्या तीन प्रकरणांचा क्रम

पहिल्यात घर चालू दाखवा, पंगत, पानांची मोजणी. दुसऱ्यात बंद दार, पण ते उघडायला जाऊ नका, फक्त किल्ली कुणाकडे ते कळू द्या. तिसऱ्यात नायक आणि नायिका यांना एकाच कामाला जुंपा. पूर्वेतिहास, वंशावळ, पेशव्यांचं राजकारण यांतलं काहीही या तीन प्रकरणांत नको. वाड्याचं वर्णन एका वेळी एका खोलीचं, तेही कुणी त्या खोलीत काहीतरी करत असतानाच.

टप्पा ८: पाच वेगवेगळी वाचनं

खर्डा झाला की एका बैठकीत सगळ्या चुका शोधू नका. एक वाचन फक्त उजेडाचं: हे दिसलं कशानं? एक किल्ल्यांचं. एक तिथ्यांचं. एक संबोधनांचं, प्रत्येक संवादात कोण कुणाला काय म्हणतं. एक खाण्यापिण्याचं. पेशवाईतल्या माजघरात सकाळचा चहा उकळत असेल तर आत्ताच काढा. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली होती, हे लक्षात असू द्या. शब्दांचं वाचन वेगळं धरू नका, जिथे शंका येईल तिथे मोल्सवर्थ उघडा.

यानंतर खर्डा मोठ्यानं वाचून दाखवा, आणि तो एखाद्या सत्तरी ओलांडलेल्या बाईंना. साहित्यिक मित्र रचनेबद्दल बोलतात. म्हाताऱ्या बायका चुका सांगतात.

मी माझ्या आतेला वाचून दाखवला होता. ती वाती वळत ऐकत होती. माडी, माती, बांगडी, मोडी कागद, सगळं झालं. मी थांबले, तर म्हणाली, “ते एकतिसावं पान वर जातं ना गं, मग उष्टी कोण काढतं? शेणगोळा कोण फिरवतं तिथे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चारशे पानांत रोज दोन वेळा कुणीतरी त्या खोलीत जाऊन जमीन सारवून येत होतं, आणि मी त्या बाईला नावसुद्धा दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी अकरावं प्रकरण फाडलं आणि तिच्यापासून सुरू केलं.